अर्धं जहाज, अर्धं जाकीट

कातेल गिवार्क पहिल्यांदा जहाजगोदीतल्या आरेखनाच्या माडीवर आली तेव्हा तिथला आरेखक गुल्वेन आबग्राल असा काही ओरडला म्हणतात की पेनफेल्ड नदीत नांगरलेल्या तीन जहाजांवरच्या खलाशांनी शिस्तीत सलाम ठोकला आणि चौथ्यावरच्यांनी जीव वाचवायच्या होड्या पाण्यात सोडल्या. कातेलने काही खून केला नव्हता. ती धुतलेले सदरे पोचवायला आली होती, एवढंच; पण आली ती ओले लाकडी बूट घालून, आणि त्या माडीवर नमद्याच्या मऊ लोकरी सपाता घातल्याशिवाय खुद्द मोठे इंजिनिअरही पाऊल टाकत नसत. तिथल्या जमिनीच्या काळ्या फळ्यांवर फ्रान्सची नवी युद्धनौका खऱ्या मापात, खडूने आखलेली होती. कातेल तिच्या पोटातून चालत जाऊन तोफेच्या बुरुजावर उभी राहिली होती.

गुल्वेन जमिनीवर पालथा पडूनच आखत असे. पन्नाशीला त्याचं स्वतःचं पोट असं सुटलं होतं, की रेघ ओढताना तो पुढेमागे डुलायचा. ओरडून झाल्यावर त्याने वर पाहिलं, आणि पुढच्या रविवारी तो कातेलच्या दारात सफरचंदाच्या सायडरची बाटली घेऊन उभा होता.

प्रेमात पडलेला माणूस चंद्राबद्दल बोलतो. हा जहाजाबद्दल बोलायचा. पाण्याच्या रेषेशी नौका कशी रुंद, तिथे पोलादाचा जाड पट्टा, आणि वर जाताना कडा कशा आत झुकलेल्या. म्हणून कुशीतल्या तोफा बाहेर आलेल्या बुरुजांवर बसून नाकासमोरही डागता येतात आणि शेपटीकडेही. पुढे एक, मागे एक, दोन्ही कुशींना एकेक. बुरुजासारख्या जाडजूड डोलकाठ्यांवर आणखी लहान तोफा. कातेल इस्त्री करता करता ऐकायची. तिला ते सगळं एखाद्या लठ्ठ बाईने घट्ट चोळी घातल्यासारखं वाटायचं, पण ती बोलली नाही. विधवेच्या घरी इतकं बोलणारं माणूस बऱ्याच वर्षांनी आलं होतं.

मग एक दिवस तो काळं मखमल घेऊन आला. आपल्या लग्नात कातेलने घालायचं जाकीट आपणच बेतणार, म्हणाला. जो जहाज बेततो त्याला जाकीट काय अवघड? त्याने फीत काढली, उजवीकडून मापं घेतली आणि निघून गेला.

कातेलचा जीव भांड्यात पडला, आणि मग रात्रंदिवस तिथेच उकळत राहिला. तिचा डावा खांदा उतरलेला होता, चांगला चार बोटं. शालीखाली तो कुणाला दिसत नसे. जाकीट अंगावर चढलं की दिसणार, आणि हा माणूस शाळकरी मुलासारखा लाजून परत जाणार, याची तिला खात्री होती.

जाकीट आलं. उजवीकडे ते कातडीसारखं बसलं. डावीकडे खांद्यावर तंबू उभा राहिला आणि बाही बोटांखाली लोंबली.

गुल्वेनने खिशातून फीत काढली.

"डावी बाजू मोजलीच नाहीत तुम्ही," कातेल म्हणाली.

"माडीवर एकच बाजू आखतात. दुसरी तशीच असते."

"मी जहाज नाही, आबग्राल."

"दिसतंय ते." तो जवळ आला. फीत हातात होती, पण त्याने आधी नुसता तळवा त्या खांद्यावर ठेवला. "हे कशाने?"

"ओल्या कपड्यांनी. नवरा गेल्यापासून नदीवरून घरापर्यंत याच खांद्यावर. आता लग्नाचं काय ते सांगून टाका. शिवणीच्या गोष्टी नकोत."

गुल्वेनने बराच वेळ हात उचलला नाही. जहाजाबद्दल तो एक शब्दही बोलला नाही, हे कातेलच्या लक्षात आलं, आणि तिथेच तिला रडू फुटलं.

"मग ही बाजू आधी मोजायला हवी होती," तो म्हणाला आणि गुडघे टेकून, नाक लाल करून, पुन्हा मापं घेऊ लागला.

डावी बाजू नव्याने बेतायला मखमल पुरलं नाही. लग्न कातेलच्या बहिणीच्या उसन्या जाकिटात लागलं, आणि ते दोन्हीकडून सैल होतं.