बाळासोनं न भरलेला अर्ज

वॉर्ड राखीव पडल्याचं कळलं, त्याच संध्याकाळी गणपतराव पॅनेलची चार माणसं घेऊन बाळासोच्या दारात आले. हुपरीच्या वाटेवरच्या त्या गावात निम्मी ग्रामपंचायत गणपतरावांच्या शब्दावर चालायची. बौद्धवाड्यात ते असे चालत कधी आले नव्हते.

ललितानं चहा केला. बाळासो कोमट पाणी घेऊन बसला.

"ह्ये बघा," गणपतराव सोबतच्यांना म्हणाले, "दारू लांबच, ह्यो गडी चहासुद्धा पीत न्हाय. असला उमेदवार गावायचा न्हाय. बाळासो, जातीचा दाखला तेवढा काढून ठेव."

सत्तावन्न वर्षांत त्याला कुणी उभं राहा म्हटलं नव्हतं. आधी बेंगळुरूला, मग शिरोलीच्या कारखान्यात लेथवर उभं राहून आयुष्य गेलं. पण वाड्यातली उघडी गटार, दिवसाआड येणारं पाणी, विहाराचं अर्धं राहिलेलं बांधकाम, हे सगळं आपल्या हातून व्हावं असं त्याला फार वाटे.

"दोन दिवस द्या," तो म्हणाला.

चहा त्यानं सोडला त्याला वीस वर्षं झाली. तेव्हा तो बेंगळुरूला एका वर्कशॉपात होता. चार वर्षांची लेक दीक्षा मेंदूज्वरानं आठ दिवसांत गेली. त्यानंतर एका संध्याकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर पांढरे शर्ट घातलेली, छातीवर नावाची काळी पट्टी लावलेली दोन पोरं भेटली. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची. बाळासोनं त्यांना एवढंच विचारलं, "माझी पोरगी मला परत भेटंल?" त्यांनी भेटेल म्हणून सांगितलं. पंथाच्या मंदिरात आईबाप दोघांची गाठ कायमची बांधली, तर लेकरंही त्या गाठीत येतात, असं ती पोरं म्हणाली. पाच महिन्यांनी त्यानं बाप्तिस्मा घेतला आणि पंथाच्या नियमाप्रमाणं चहाही सोडला.

ललितानं नाही घेतला. "गेली ती गेली. मनात हाय तेवढी माझी," ती म्हणाली, आणि त्यावर पुन्हा कधी बोलली नाही.

गावी परतल्यावर त्याला कुणी वाळीत टाकलं नाही. पण पूर्वी विहारात वंदना तो सांगायचा, आवाज खणखणीत होता त्याचा. आता तो आपणच मागं बसू लागला, मग दारात, मग जाईनासा झाला. पौर्णिमेला वंदनेचे सूर घरापर्यंत आले की त्याचे ओठ हलायचे. आपल्या माणसांत परत जाऊन बसावं असं वाटायचं आणि दीक्षाला परत भेटायची वाटही सोडवायची नाही.

जवळपास त्याच्या पंथाचं कुणी नव्हतं. रविवारी तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मोबाईलवर बेंगळुरूची प्रार्थना ऐके. पंथाचा ग्रंथ हिंदीत वाचे. त्यातला एक राजा त्याला फार आवडे. त्यानं गादी मोडली आणि आपला माणूस आपण निवडा म्हणून लोकांना सांगितलं. टीव्हीवर निवडणुकीच्या बातम्या लागल्या, आज या पक्षातले उद्या त्या पक्षात गेले, की बाळासोला तो राजा आठवायचा.

त्या दोन दिवसांत तो जेवला नाही धड. कागदोपत्री तो अजून बौद्धच होता. पण ख्रिस्ती झालेल्याला राखीव जागा चालत नाही, हे त्याला ठाऊक होतं. कायदा त्याला पटत नव्हता. पाण्यात बुडवून वर काढलं म्हणून गाव त्याची जात थोडंच विसरलं होतं? वाड्यातल्या माणसांसाठी चहाचा कप वेगळा ठेवणारी घरं अजून होती. पण मंदिरात जायच्या आधी पंथाची माणसं समोर बसवून विचारतात, व्यवहारात खरं वागतोस का? तिथं काय सांगायचं?

गणपतराव परत आले तेव्हा त्यानं सगळं सांगून टाकलं.

"आरं, कोण बघतंय? दाखल्यावर काय लिवलंय तेच खरं."

"अर्जावर सही माझी लागणार न्हवं, गणपतराव."

गणपतराव चिडून उठले. "मग वाड्यातलं दुसरं घर बघतो."

"दुसरं कशाला?" आतून ललिता बाहेर आली. "मी हाय की. मी कुठं काय सोडलंय?"

गणपतराव उंबऱ्यात थांबले, जरा विचार केला आणि हसले.

ललिताला चिन्ह मिळालं कपबशी. चहा न पिणारा नवरा कपबशीची पत्रकं घेऊन दारोदार फिरू लागला तेव्हा गावाला हसू आवरेना. "बाळासो, निदान आता तरी एक घोट घ्या की!" तोही हसायचा. विहाराच्या दारात मात्र तो अडखळला. आत बसलेल्या म्हाताऱ्या तानाबाईनं हाक मारली, "भाईर का उभा? आत ये, बस." तो आत जाऊन बसला. पत्रकं वाटायची राहून गेली.

ललिता एकवीस मतांनी निवडून आली. केसात गुलाल घेऊन दुपारी घरी आली, तेव्हा बाळासो मोबाईलवर फोटो बघत होता. बेंगळुरूला पंथाच्या मंदिराचं काम चाललं होतं, तिथल्या ओळखीच्या माणसानं पाठवलेला. ती शेजारी टेकली.

"झालं का बांधून?"

"चाललंय अजून."

"मला सोडतील आत?"

"एरवी न्हाय. पण काम झाल्यावर, सुरू व्हायच्या आधी थोडं दिवस सगळ्यांना आत जाऊन बघाय देत्यात म्हणं. कुणालाबी."

ललितानं वाकून फोटो बोटांनी मोठा केला. "मग त्या दिसांत जाऊ. मिरजेवरनं गाडी हाय न्हवं?"

"हाय." गाठीचं विचारावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. एकदा आत आली तर कदाचित, असंही मनात आलं. त्यानं मोबाईल बाजूला ठेवला.

"दीक्षा आता चोवीसची असती," ललिता म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं ते नाव आपणहून पहिल्यांदाच घेतलं होतं. मग ती केस धुवायला न्हाणीत गेली, आणि बाळासो पाणी तापवायला उठला.