माहूरच्या पायथ्याशी लागलेली झोप

त्या काळात मी देवापुढं हात जोडायचे ते सवयीनं. मनात काही उमटत नसे. विश्वास ठेवायलाही अंगात थोडं बळ लागतं, आणि माझं सगळं बळ मुक्ताला वेळेवर पाजण्यात संपत होतं. आमची ही एकुलती लेक. गाल असे गुबगुबीत, की आमच्या अर्धापुरात कुणीही थांबून म्हणायचं, "लेकरू कसं भरल्यावाणी हाय!" पण ते गाल आणि ते फुगलेलं पोट म्हणजेच तिचं दुखणं होतं. हैदराबादच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की जेवणातली साखर तिचं यकृत साठवून घेतं, पण अंगाला लागेल तेव्हा सोडत नाही. क्वचितच एखाद्या मुलाला होणारा जन्मजात आजार. म्हणून दर दोन-तीन तासांनी कच्चं कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून पाजायचं, दिवसा आणि रात्रीही. चुकलं तर साखर उतरून लेकरू बेशुद्ध होणार. दूध बंद, फळं बंद. केळीच्या बागांनी वेढलेल्या गावात राहून मुक्तानं केळं कधी चाखलं नाही. माझे पती शिक्षक. आजची रात्र मी जागतो, असं ते म्हणायचे, पण मला कुणाचाच भरवसा वाटत नसे. गजर त्यांनी लावला तरी मीच आधी उठून बसायचे.

सासूबाईंचा माहूरच्या रेणुकामातेवर फार जीव. एकदा लेकराला आईच्या पायावर घालू, असं त्या कितीदा तरी म्हणाल्या, तेव्हा एका थंडीत आम्ही निघालो. दर्शन झालं. खरं सांगते, देवीच्या मुखाकडं बघताना मला एवढंच वाटलं, की इथं फरशीवर थोडं आडवं व्हायला मिळालं तर! सासूबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून हे त्यांना धरून हळूहळू उतरत होते. मी मुक्ताला घेऊन पुढं आले आणि पायऱ्यांखाली झाडाच्या सावलीत टेकले. पाजायला अजून अवकाश होता. डोळे आपोआप मिटत होते, आणि मिटले तर काय, या भीतीनं मी स्वतःलाच चिमटे काढत होते.

शेजारी पन्नाशीची एक बाई भाकरीचं गाठोडं सोडून बसली होती. देगलूरकडची. तिची माणसं अजून वर रांगेत होती. ती बराच वेळ माझ्याकडं बघत होती.

"माय, किती दिसांची झोपली न्हाईस गं?"

मला रडूच आलं.

"आण ती पोर इकडं. तू आडवी हो."

"तसं न्हाई हो मावशी, हिला वेळेवर पाजावं लागतं. न्हाई तर..."

"मंग सांग की, कसं पाजायचं ते."

पीठ, पाणी आणि गजर लावलेला मोबाईल तिच्यापुढं ठेवून मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं बघत पुन्हा म्हणून दाखवलं, "गार पाण्यात कालवायचं, गरम करायचं न्हाई. खाली बसतंय म्हणून ढवळत ढवळत पाजायचं. मोबाईल वाजला की लगेच. बराबर?"

"बराबर," मी म्हणाले. आणि जी लेक मी तिच्या बापाच्याही हवाली करत नव्हते, ती नाव माहीत नसलेल्या बाईच्या मांडीवर ठेवून मी तिथंच मातीत पदर टाकून झोपले. कसं झोपले, मला आजही सांगता येत नाही.

जाग आली तेव्हा ऊन सरकलं होतं. हे आणि सासूबाई शेजारी बसलेले. मुक्ता आजीच्या मांडीवर हसत होती, ओठाला पांढरं पीठ लागलेलं. गजर मला ऐकूच आला नव्हता. बाईनं यांच्यासमोरच ढवळत ढवळत पाजलं होतं. मला उठवायला हे वाकले तर म्हणाली, "नका उठवू. लई दिसांनी निजली हाय." मग तिच्या माणसांनी हाक मारली आणि ती गेली. सासूबाई म्हणतात, ती आईच होती. मी वाद घालत नाही. ती देगलूरकडची बाईही असेल. मला झोप मिळाली, एवढं खरं.

त्यानंतर घरात पाळ्या लागल्या. हे पाजू लागले, सासूबाई शिकल्या, आणि मला मुक्ताशी नुसतं खेळता येऊ लागलं. तिला लपाछपी फार आवडायची. माझी ओढणी डोक्यावर घेऊन ती माझ्यासमोरच लपायची, आणि मी तिला घरभर शोधायचे.

पुढच्या पावसाळ्यात तिला उलट्या लागल्या. पोटात काही ठरेना. नांदेडच्या दवाखान्यात सलाईन लावलं, डॉक्टरांनी हातातलं सगळं केलं. एका दुपारी हे म्हणाले, "तू पड जराशी, मी हाय." मी तिच्या पायावर हात ठेवून पडले. मुक्ता गेली तेव्हा ती बापाच्या मांडीवर होती आणि मी झोपेत होते. कितीतरी महिने ते मला पोखरत राहिलं. मग एकदा हे आपणहून म्हणाले, "घाबरली न्हाई गं ती. माझ्याकडं बघून राहिली होती." तेव्हा कुठं छातीतलं काहीतरी सैल झालं. लेकरू मांडीवर होतं. ती मांडी माझीच असावी, एवढाच माझा हट्ट होता.

मी अजून थकलेली आहे. दुःख कमी झालं असं म्हणणार नाही. शरण जाणं म्हणजे काय ते मला पोथीतून कधी उमगलं नाही. आपल्या हातातलं लेकरू दुसऱ्या हातांत देता येणं, एवढंच मला कळलं, आणि ते देवीनं मला आधीच शिकवून ठेवलं, म्हणून मी तिचे उपकार मानते. आता सकाळी दिवा लावते तेव्हा काही मागत नाही. फक्त सांगते, "आई, तिला भूक निघत नाही. वेळेवर पाज."