फुली मारलेलं खातं

रामप्रसाद दुकानातच गेला. सिमेंटच्या थप्पीला टेकून बसला, तो उठलाच नाही. त्याच्या बायकोनं, दैवशालानं, पंधराव्या दिवशी शटर वर केलं. कुंभार पिंपळगावात सळई-सिमेंटचं दुकान बाई चालवते हे लोकांना नवं होतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. तेव्हापासून तिला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं. माल मोजायची, बिल करायची, जेवायची.

मार्चमध्ये जालन्याहून राधेश्याम आले. दुकानाचे हिशेब वीस वर्षं तेच बघत. बँकेला ताळेबंद द्यायचा होता, त्यावरच पुढच्या वर्षाचं कर्ज ठरणार होतं. त्यांनी उधारीची वही तिच्यासमोर सरकवली. त्रेसष्ट नावं, साडेसहा लाख रुपये.

“वहिनी, रामप्रसादभाऊ सगळी उधारी येणारच म्हणून दाखवायचे. आता तसं चालणार न्हाई. ज्याचे येतील त्याला टिक करा. शंका असंल तिथं प्रश्नचिन्ह. येणारच न्हाईत तिथं फुली.”

“फुली म्हंजे माफ का?”

“माफ न्हाई. मागायचं ते मागत राहा. पण तेवढी रक्कम नफ्यातून वजा करावी लागंल.”

आठवडाभर ती फोन लावत राहिली. सोळा नंबर बंद होते. लालमियाँ मिस्त्री परांचीवरून पडून अंथरुणाला खिळला होता. त्याची बायको अकबरबी दर महिन्याला दोनशे रुपये आणून द्यायची. अकरा हजार फिटायला साडेचार वर्षं लागली असती. तिथं तिनं प्रश्नचिन्ह काढलं.

सगळ्यात मोठी रक्कम कल्याणची होती. तिचा पाठचा भाऊ. घर बांधताना नेलेल्या मालाचे एक लाख ऐंशी हजार, चार वर्षांपूर्वीचे. ती बसनं केदारखेड्याला गेली. घराला दुसरा मजला चढला होता, दारात चारचाकी होती. भावजयीनं, संध्यानं, चहा आणून ठेवला.

“दाजी म्हणल्ते, सवडीनं दे,” कल्याण म्हणाला. “अन् तू आता भावाकडं वसुलीला येऊन राह्यलीस व्हय, ताई?”

“झाली का सवड?”

“झाली की सांगतो ना.”

आता आपल्याला राग यायला पाहिजे, असं तिला वाटलं. चहा संपेपर्यंत तिनं वाट पाहिली. आला नाही. तिनं कप खाली ठेवला आणि चारच्या बसनं परत आली.

राधेश्यामनी पुन्हा येऊन वही चाळली. त्या नावावर त्यांचं बोट थांबलं.

“हे तुमचे भाऊ ना?”

“हो.”

“फुली पक्की?”

“पक्की.”

त्या वर्षी दुकान तोट्यात दिसलं. बँकेनं कर्जाची मर्यादा दहा लाखांवरून सहावर आणली. तिनं सळई ठेवणं बंद केलं आणि उधारीही.

भाऊबीजेला कल्याण साडी घेऊन आला. तिनं ओवाळलं. त्यानं ताटात पाचशेची नोट टाकली. तिनं ताट बाजूला ठेवलं, दुकानातून पावतीपुस्तक आणलं, त्याच्या नावावर पाचशे जमा केले आणि पावती फाडून त्याच्या हातात दिली.

कल्याण आधी हसला. मग पावती वाचून त्यानं घडी घालून खिशात ठेवली.

“जेवून जा,” ती म्हणाली.

तो जेवून गेला. पुढचे पैसे अजून आलेले नाहीत.