तिसऱ्या रविवारची हरकत

आमच्या चर्चमध्ये लग्न ठरलं की आधीचे तीन रविवार उपासनेत त्याची चिठ्ठी वाचतात. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, आणि शेवटी, कुणाची हरकत असेल तर सांगावं. पाळकसाहेब हे एका दमात उरकतात आणि पुढच्या गीताचा नंबर सांगतात. लोक तोवर पुस्तकाची पानं उलटायला लागलेले असतात. इतक्या वर्षांत हरकत घ्यायला कुणी उठल्याचं मी पाहिलं नव्हतं.

यंदा चिठ्ठी माझ्या भाच्याची होती, थोरल्या भावाच्या मुलाची. नवरी चर्चमधलीच, लहानपणी माझ्या संडे स्कूलच्या वर्गात बसलेली. पहिली चिठ्ठी वाचायच्या तीन दिवस आधी कन्नड गावाहून एक मुलगी एसटीनं आली आणि पत्ता विचारत गारखेड्यात माझ्या दाराशी उभी राहिली. भाचा तिकडे नोकरीला होता तेव्हा दोघांनी रजिस्टर लग्न केलं होतं. दाखल्याची झेरॉक्स तिनं टेबलावर ठेवली. ती रडली नाही, पाणीसुद्धा अर्धंच प्यायली. चर्चमध्ये येऊन सगळ्यांसमोर सांगायची तिची तयारी होती. मीच म्हणाले, तू येऊ नकोस, मी बोलते.

संध्याकाळी दादाकडे गेले, तर त्याला सगळं आधीच माहीत. तिथंच माझं डोकं फिरलं. ती मुलगी बौद्ध घरातली, आपल्यातली नाही, असं तो म्हणाला. आपल्यातली! बाप्तिस्मा घ्यायच्या आधी आमचे आजोबा ज्या वस्तीत राहत होते, तशाच वस्तीतून तिचेही आजोबा आले असणार, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे. वहिनीनं चहा ठेवला आणि आपण प्रार्थना करू म्हणाली. आमच्यात एखादं बोलणं बंद पाडायचं असलं की प्रार्थना करतात. डोळे मिटले की कुणाला काही विचारता येत नाही. मी डोळे उघडे ठेवले, एवढंच त्या दिवशीचं माझं शौर्य.

निघताना दादा दारापर्यंत आला. "तू तोंड उघडलंस तर मला बहीण नाय, समजून घे," म्हणाला. आई-वडील गेल्यावर मला नर्सिंगला घालणारा, माझं लग्न लावून देणारा हाच दादा. पहिल्या रविवारी चिठ्ठी वाचली गेली तेव्हा मीही खाली मान घालून गीताचा नंबर शोधत बसले.

त्या आठवड्यात पाळकसाहेबांना झेरॉक्स दाखवली. त्यांनी ती उलटून मागची कोरी बाजूही पाहिली आणि म्हणाले, घरातला मामला आहे, घरातच मिटवा, मंडळीत फूट नको. तिकडे एक पोरगी वाऱ्यावर सोडलेली, इकडे दुसरी फसायला निघालेली, आणि यांना मंडळीची चिंता. दुसऱ्या रविवारी मला ताप आला. आला नव्हता खरं तर, मी तसा निरोप पाठवला. वीस वर्षं मी पोरांना शिकवत आले की खरं बोलायला देव बळ देतो. देव देत असेलही, घ्यायला मी गेलेच नव्हते.

तिसऱ्या रविवारी गेले. घरून निघताना मनाची शांती वगैरे काही मागितलं नाही, वेळेवर उठता यावं एवढंच मागितलं. पाळकसाहेबांनी ते वाक्य नेहमीपेक्षाही भरभर वाचलं. मी उठले.

"हरकत आहे. मुलाचं लग्न झालेलं आहे. दाखला माझ्याजवळ आहे."

पाळकसाहेब म्हणाले, बाई, हे आपण उपासनेनंतर बोलू. मी म्हणाले, तुम्ही आत्ता विचारलंत, मी आत्ताच सांगितलं. दादानं वळूनही पाहिलं नाही. भाचा मात्र उठून बाहेर गेला, आणि त्यानंतर कुणाला दाखला बघायची गरज वाटली नाही.

लग्न मोडलं. आवारात दोघी-तिघी बायका मला धीराची म्हणाल्या आणि, लपवत नाही, ते मला आवडलं. तेवढ्यात नवरी मुलगी समोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, गळ्यात पडेल.

"टीचर, पहिल्या रविवारी तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हणाले.

"मग दोन आठवडे माझ्या आईला घरोघर कार्डं वाटू दिलीत."

ती एवढंच बोलली आणि आईला घेऊन रिक्षात बसली. दादा अजून बोलत नाही. ते मला रोज लागतं, पण त्याच्यावर निदान रागावता तरी येतं. संडे स्कूलमधल्या त्या मुलीच्या बाबतीत रागवायला माझ्याशिवाय दुसरं कुणी सापडत नाही.