करुणेट्टनची नोंद

केरळातल्या चेरुवायच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलामागे एक जुना कॉम्प्युटर अष्टौप्रहर चालू असतो. गावात त्याला सर्व्हर म्हणतात, आणि करुणेट्टन आसपास नसले तर ‘करुणेट्टनची धाकटी बायको’. गावच्या नाटक मंडळीच्या जुन्या कॅसेटी करुणेट्टननी खपून त्यात उतरवल्या होत्या. कॅसेटी पुढे बुरशीनं गेल्या, म्हणजे नाटकं आता उरली ती त्या एका पेटीत. ज्याला ऐकायचं त्यानं मोबाईलवर ऐकावं, अगदी आखातात, दोह्यात बसूनसुद्धा.

नाटकं आतल्या मोठ्या डिस्कवर होती, पण यंत्र सुरू व्हायचं ते मागे खोचलेल्या बोटभर पेनड्राइव्हवरून. आणि हा पेनड्राइव्ह सारखा मरायचा. करुणेट्टन पय्यन्नूरला जाऊन दुकानदाराशी भांडायचे, नवा आणायचे, आणि दोन दिवस खपून यंत्र पुन्हा उभं करायचे. चौथ्यांदा असं झालं तेव्हा वाचनालयाच्या सेक्रेटरी सहदेवननं चहाचा ग्लास खाली ठेवला.

“करुणेट्टा, वार्षिकोत्सवाला तुमचं नाटक ऐकवा. पण तेव्हा ही पेटी बंद पडली, तर दुसऱ्या दिवशी भंगारात. त्या कोपऱ्यात कॅरम बसेल.”

“कॅरम?”

“पोरं कधीची मागतायत. आणि कॅरम बंद पडत नाही.”

करुणेट्टन उठून गेले. सहदेवनच्या बशीतली पझमपोरी, केळ्याची भजी, मात्र जाता जाता उचलून नेली.

आता करुणेट्टन म्हणजे काय चीज आहे हे सांगायला हवं. हा माणूस जन्मभर वीज मंडळाच्या सबस्टेशनात बसून तासातासाला आकडे लिहीत आला. एकदा तारेवरच्या माणसाला झटका बसला. माणूस वाचला, पण चौकशी लागली, आणि लाइन बंद केल्याची करुणेट्टनच्या हातची नोंद सापडली म्हणून त्यांची नोकरी राहिली. तेव्हापासून लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही, अशी त्यांची खात्री. निवृत्तीनंतरही घरी पाण्याची टाकी कधी भरली, मासेवाला किती उशिरा आला, सगळं कॅलेंडरवर. त्यांची बायको माधवी म्हणायची, “मी मेले तर आधी वेळ लिहितील, मग रडतील.”

पेनड्राइव्हचं कोडं उलगडायला शाळेतल्या प्रसीता टीचर आल्या. त्या शाळेत कॉम्प्युटर शिकवतात, करुणेट्टनना मानतात, आणि त्यांना टोचून बोलायची एकही संधी सोडत नाहीत. त्यांनी पडद्यावर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“करुणेट्टा, हे काय चाललंय? कोण आलं, कोण गेलं, पंखा किती फिरला, क्षणाक्षणाला लिहितंय हे.”

“मीच तसं लावलंय,” करुणेट्टन अभिमानानं म्हणाले. “सगळ्यात बारीक नोंद.”

“आणि ती कुठं लिहितंय? या एवढ्याशा पेनड्राइव्हवर. त्याच त्या जागी लिहून लिहून तो झिजतो. तो मरत नाही, तुम्ही मारताय. नोंदी रॅममध्ये वळवूया. तिथं कितीही लिहा, काही झिजत नाही.”

“आणि लाइट गेली की?”

“पुसलं जाणार.”

करुणेट्टनचा चेहरा पडला. पुसली जाणारी नोंद म्हणजे त्यांच्या लेखी निव्वळ गप्पा. टीचरांसमोर त्यांनी मान डोलावली, आणि त्यांची पाठ वळताच आपलीच शक्कल लढवली. नोंदी पेनड्राइव्हवरून काढल्या त्या थेट मोठ्या डिस्कवर वळवल्या. जागाच जागा होती. कुणाला कळणार होतं?

सगळ्यांना कळलं. कुणी ऐकत नसलं की ती डिस्क एरवी शांत झोपायची. आता तिचा डोळा लागायची सोय राहिली नाही. दिवसभर घरघर. पेपर वाचणारे म्हातारे वैतागले; एकानं तर पेटीत उंदीर शिरलाय म्हणून पिंजरा आणून ठेवला. टीचर धावत आल्या. त्यांना हसू येत होतं, पण बोलल्या त्या चांगल्याच कडक.

“आता हिलाही दमवा. पेनड्राइव्ह दुकानात मिळतो, करुणेट्टा. या डिस्कवर काय आहे?”

काय आहे ते करुणेट्टनना सांगायला नको होतं. तिच्यावर ‘कैकेयी’ नाटक होतं. त्यात दासीचं काम करणाऱ्या एकोणीस वर्षांच्या माधवीचा आवाज होता. तोच आवाज पडद्यामागून ऐकून सबस्टेशनातल्या या पोरानं तिच्या घराच्या फेऱ्या सुरू केल्या होत्या. आजही दुपारी ते कानाला मोबाईल लावून तेच ऐकत बसायचे. माधवी सुनवायची, “मी घरात फुकट बोलते ते ऐकू येत नाही.”

करुणेट्टन घाबरले, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. “वळवा रॅममध्ये,” म्हणाले. तरी मासळीबाजारातल्यासारखी घासाघीस केलीच. रोज थोडं तरी जपून ठेवायचं का? नाही. आठवड्यातून एकदा? बरं, फक्त बिघाड, तेवढेच? तेही नाही. सेटिंग बदलताना त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही.

वार्षिकोत्सवाच्या संध्याकाळी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. सहदेवन दाराशी उभा होता आणि त्याची नजर राहून राहून कोपऱ्याकडे जात होती. ‘कैकेयी’ सुरू झालं. दासी बोलायला लागली आणि लाइट गेली.

अंधारात कुणीतरी म्हणालं, “कॅरम.” हशा पिकला. करुणेट्टन पेटीवर हात ठेवून उभे राहिले. अशी लाइट गेल्यावर आधीचे दोन पेनड्राइव्ह उठलेच नव्हते.

लाइट आली. पंखे फिरले. यंत्र पुटपुटलं, थांबलं, पुन्हा पुटपुटलं, करुणेट्टननी अंदाजानं नाटक पुढं सरकवलं, आणि दासीचा आवाज जिथं तुटला होता त्याच्या जरा मागून सुरू झाला. सहदेवननं टाळी वाजवली. तेवढा मोठेपणा त्याच्यात होता.

गर्दी पांगल्यावर टीचरांनी नोंदी उघडल्या. लाइट आली तिथपासूनच्याच होत्या. त्याआधीचं सगळं कोरं.

“बघा करुणेट्टा, लाइट कधी गेली, नाटक कुठवर आलं होतं, काहीच राहिलं नाही. वाईट वाटतंय?”

“असू दे,” करुणेट्टन म्हणाले. “मी होतो ना इथं.”

मागं उभ्या असलेल्या माधवीनं पदराचं टोक कमरेला खोचलं. “हो? मग सांगा, लाइट गेली तेव्हा नाटकात मी काय म्हणत होते?”

करुणेट्टननी वर्तमानपत्रं नीट रचून ठेवली. मग तिच्याकडे न बघता, तिच्याच जुन्या चालीत म्हणाले, “राणीसाहेब, दिवा विझला तरी मी इथंच उभी आहे.”

माधवीला पुढचं वाक्य येत होतं. पण ते म्हणायच्या ऐवजी तिनं खोचलेला पदर सोडला आणि नीट रचलेली वर्तमानपत्रं पुन्हा रचायला घेतली.