फक्त पापण्या

माझ्या बायकोने एकतीस वर्षं लाँड्रीत काढली. त्यातली पंचवीस उभ्याने, इस्त्रीच्या टेबलापाशी. शर्ट घेतला की आधी कॉलर, मग कफ, मग बाह्या, मग खांदा, शेवटी पाठ आणि पुढची बाजू. हा क्रम तिने कधी मोडला नाही. एका शर्टाला चार मिनिटं. नव्याने लागलेल्या बायकांना ती सांगायची, "इस्त्री दाबू नका. तिला तिचं वजन आहे. तुम्ही फक्त कापड सरळ धरा." दाबणाऱ्यांचे खांदे वर्षभरात जायचे. हिचे टिकले, गुडघे गेले. मग मालकाने तिला पुढे काउंटरवर स्टुलावर बसवलं. लाँड्रीत सगळे तिला कडकताई म्हणत. कपड्यांमुळे म्हणत की स्वभावामुळे, हे मी कधी विचारलं नाही.

काउंटरवर बसायला लागल्यापासून लोक तिचा चेहरा बघू लागले. तोवर वाफेत कुणाला दिसत होता? वरच्या पापण्यांची कातडी सैल होऊन खाली आली होती, पार डोळ्यांच्या केसांवर टेकली होती. गिऱ्हाइकं विचारायची, "ताई, झोप नाही झाली का?" "बरं नाही का आज?" एकाने तर कोट परत घेताना माफी मागितली. त्याला वाटलं, उशिरा आला म्हणून ही चिडली आहे. ती म्हणायची, "नाही हो, तोंडच असं आहे." घरी येऊन हे सांगायची आणि हसायची. मीही हसायचो.

पुढे कपड्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायला तिला हनुवटी वर करावी लागू लागली. दिवसभर मान मागे टाकून मान दुखायची, कपाळ आवळून डोकं दुखायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर ठीक आहे, पापणी आड येते. जास्तीची कातडी काढून टाकता येते, त्यासाठी प्लास्टिक सर्जनकडे जा. तिने दोन महिने विचार केला. मग मला म्हणाली, "मी जाऊन येते. तुम्ही चला बरोबर. मला सगळं लक्षात राहत नाही."

मी पत्र्याचं काम केलं. ठोकरलेल्या गाड्या सरळ करायच्या. चाळीस वर्षं तेच. गाडी आली की ती खिडकीपाशी लावायची, उजेड आडवा पडला पाहिजे. मग खाली बसून पत्र्याच्या पातळीत डोळा आणायचा आणि तळहात फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा खड्डा हाताला लागतो. लागला की खडूने गोल. गिऱ्हाइकाने एक पोचा दाखवला तर मी सहा दाखवायचो. काम अर्धवट सोडलं असं माझ्याबद्दल कुणी म्हणालेलं नाही, आणि ते मी सगळ्यांना ऐकवायचो. घरातसुद्धा.

डॉक्टर बाई होत्या, आमच्या मुलीच्या वयाच्या. खोली लहान, एक मोठी खिडकी, भिंतीवर चेहऱ्याच्या स्नायूंचं चित्र. त्यांनी बायकोच्या हातात आरसा दिला. "तुम्हाला काय त्रास होतो तो तुम्ही दाखवा."

"पापण्या," ती म्हणाली. "फक्त पापण्या."

डॉक्टरबाईंनी जांभळ्या पेनाने तिच्या पापणीवर दोन रेघा काढल्या. एवढी कातडी निघेल, व्रण घडीत लपेल, जागेवरच सुन्न करून करू, दीड तास, सातव्या दिवशी टाके काढू. मग त्या म्हणाल्या, "माहिती म्हणून सांगते. चेहऱ्यासाठी इतरही बऱ्याच गोष्टी करतात. डोळ्यांखालच्या पिशव्या काढतात. गालाला इंजेक्शनने भर देतात, त्याला फिलर म्हणतात, ती वर्ष-दीड वर्ष टिकते. दोऱ्यांनी गाल वर ओढतात. आणि मोठी शस्त्रक्रिया म्हणजे फेसलिफ्ट, कानापाशी छेद घेऊन पूर्ण कातडी आणि खालचा थर ताणून बसवायचा. त्याला पूर्ण भूल लागते. यातलं तुम्हाला काही करायलाच हवं असं नाही."

भर, ओढणं, ताणून बसवणं. हे शब्द माझ्या ओळखीचे होते. मी खुर्ची पुढे घेतली.

"डॉक्टर," मी म्हणालो, "डावा गाल उजव्यापेक्षा खाली आहे."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी मदत करतोय असं तिला वाटलं असावं. मी म्हणालो, "जरा खिडकीकडे तोंड कर. नाही, एवढं नाही. हां." तिने केलं. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवलेली बाई, मी सांगितलं तशी मान वळवून बसली. मी वाकून आडव्या उजेडात बघितलं. नाकापासून ओठापर्यंतच्या दोन्ही घड्या, डावी जास्त खोल. जबड्याच्या कडेला दोन ठिकाणी लोंबलेलं. कानशिलात खड्डा.

"आणखी?" तिने विचारलं.

"ओठाचा डावा कोपरा."

"आणखी?"

"हनुवटीखाली. दोन पट्ट्या सुटल्यात."

"आणखी?"

"गळ्याच्या आडव्या घड्या."

तिने तीनदा विचारलं आणि मी तिन्ही वेळा उत्तर दिलं. चौथ्यांदा ती विचारेल म्हणून शोधतच होतो. डॉक्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "काका, मी एवढं विचारलं नव्हतं." तेव्हा मी थांबलो. बायकोच्या हातातला आरसा उलटा होऊन मांडीवर पडला होता.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. पापण्यांवर जांभळ्या रेघा तशाच होत्या. दोन थांबे गेल्यावर तिने विचारलं, "हे सगळं तुम्हाला कधीपासून दिसतंय?"

मी खरं तेच सांगितलं. "आजच बघितलं."

"आज."

"हो. आधी लक्षच गेलं नव्हतं."

 आपण तिला बरं वाटेल असं बोललो, अशी माझी समजूत होती. घर येईपर्यंत ती समजूत टिकली. मग दाराचं कुलूप काढताना डोक्यात शिरलं, की लग्नाच्या चौतीस वर्षांत मी तिच्याकडे बघितलंच नाही, आणि बघितलं ते दोष काढायला.

चार दिवसांनी मेहुणी आली. बायको कामावर होती. मेहुणीने चपलाही काढल्या नाहीत.

"भावजी, ताईने सही केली. ठाऊक आहे?"

"पापण्यांची ना?"

"सगळ्याची! पापण्या, गाल, गळा, सगळं. साडेचार तास, पूर्ण भूल. तिचं ब्लडप्रेशर तुम्हाला माहीत आहे की तेसुद्धा आजच बघणार? डॉक्टर म्हणाल्या, धोका आहे, आठ दिवस विचार करा. ही म्हणते, विचार झालाय. काय समजलात तुम्ही तिला, ठोकरलेलं बोनेट?"

"मी फक्त दिसलं ते बोललो."

"तुमच्या तोंडालाच पुट्टी भरायला हवी," ती म्हणाली आणि पाणीही न पिता गेली.

संध्याकाळी बायको घरचे कपडे इस्त्री करत होती. माझाच शर्ट होता. मी समोर उभा राहिलो.

"ते सगळं कशाला करतेस?"

"अर्धं काम तुम्हाला चालत नाही."

"मला चालायचा प्रश्न कुठे आहे?"

"मग तिथे सांगितलंत कशाला? परक्या बाईसमोर?"

 दुसरं उत्तर सापडलं नाही. "मला ते येतं म्हणून," मी म्हणालो. "दोष शोधता येतात, म्हणून शोधले."

तिने कॉलर संपवून कफ घेतला. मग मान वर न करता विचारलं, "आणि चांगलं काय दिसलं?"

चांगल्या पत्र्यावर कुणी खडू लावत नाही. त्या दिवशी खिडकीपाशी मी चांगलं बघितलंच नव्हतं. आता बघायला गेलो तर ती खाली वाकलेली, चेहरा दिसत नव्हता. एका बाजूचा कान दिसत होता.

"कान," मी म्हणालो. "कान बरोबर आहेत."

तिने इस्त्री उभी केली. फोन घेतला, बहिणीला लावला. "ऐक. यांना माझे कान आवडले." पलीकडून काहीतरी आलं. "नाही गं, खरंच. चौतीस वर्षांनी. दोन्ही!" दोघी इतक्या हसल्या की हिला स्टूल ओढून बसावं लागलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते हसण्याचंच होतं की काय ते मी ठरवू शकलो नाही. मी तिथेच उभा होतो. जायला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मग ती फोनमध्ये म्हणाली, "उद्या डॉक्टरांना कळवते. पापण्याच करते. या माणसासाठी भूल कोण घेणार?"

असा तिचा जीव वाचला. मी काही पटवलं म्हणून नव्हे. माझं मत साडेचार तासांच्या लायकीचं नाही, हे तिला कळलं म्हणून. मला त्यात आनंद झाला, आणि तोंड लपवावंसंही वाटलं.

ऑपरेशनला ती बहिणीला घेऊन गेली. मला म्हणाली, "तुम्ही घरीच बसा." मी घरी बसलो. भांडी घासली, फरशी पुसली, दोन्ही कामं दोनदा केली. डोळे सुजून काळेनिळे झाले होते तेव्हा मलम लावायलाही बहीणच यायची, दोन बस बदलून. सातव्या दिवशी टाके निघाले. महिन्याभराने सूज पूर्ण गेली. कातडी सफाईने काढलेली, दोन्ही बाजू सारख्या, व्रण घडीत बसलेला.

"काम चांगलं झालंय," मी म्हणालो.

"डॉक्टरांना सांगते," ती म्हणाली.

मला चेहरा म्हणायचं होतं. तोंडातून काम आलं.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. आमचं भांडण नाही. ती बोलते, हसते, चिठ्ठ्या सरळ मानेने वाचते. मी आता तिच्याकडे बघतो. शिकायला उशीर झाला, पण रोज बघतो. पेपर वाचताना, दूध गाळताना. हसण्याआधी उजवी भुवई थोडी वर जाते, हे मला मागच्या वर्षी कळलं. सांगावंसं वाटतं. पण जरा जास्त वेळ बघितलं की तिला ते कळतं. ती हातातलं काम थांबवते, तोंड उजेडापासून वळवते आणि विचारते,

"काय राहिलं?"