एक पुडी, एक तांब्या

"हात आवरा! ढवळायचं न्हाई!" शेजारच्या वर्गातून असा दम ऐकू आला, की मी ओळखायचो, सरांचा जांभळा धडा सुरू झाला.

जळकोटच्या अलीकडे एका गावात मी आरोग्यसेवक होतो. आमचं उपकेंद्र म्हणजे शाळेच्या भिंतीला टेकून उभी असलेली एक खोली. विहिरीत टाकायचं पोटॅशियम परमँगनेट माझ्या ताब्यात असे. दरवर्षी धड्याच्या दिवशी सर खिडकीतून हात आत घालायचे. "डॉक्टर, चिमूटभर जांभळं द्या." मी डॉक्टर नव्हे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण मला तसं म्हटलं की मी नाही म्हणत नाही, हेही ठाऊक होतं.

धडा साधा होता. काचेच्या भांड्यातल्या निवांत पाण्यात एक खडा सोडायचा आणि बघत बसायचं. तास संपत आला तरी रंग तळाशीच रेंगाळलेला. मग सर भांड्याखाली दिवा लावायचे. जांभळी दोरी सरसर वर चढायची आणि पोरं ओरडायची.

"पहिलं ते विसरण, आपोआप पसरणं. दुसरं अभिसरण, वाहतं पाणी रंग घेऊन जातं. आता सांगा, अमिबाला हृदय कामून न्हाई?"

मग सर स्वतःच सांगायचे.

"त्याला लांब कुठं जायचंच न्हाई म्हणून! जवळचं आपोआप पोचतं. तुमच्या बोटापर्यंत प्राणवायू असा नुसता पसरत गेला, तर वर्षं लागतील. लांबचं न्यावं लागतं."

हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलेलं, की भज्यांची ताटली लांब असली तरी तेच म्हणायचे. तुम्हीही असा एखादा मास्तर पाहिला असेल, ज्याचा एकच धडा सगळ्या जगाला पुरतो.

दुसऱ्या दिवशी बटाट्याची फोड. दाट मिठाच्या पाण्यात टाकलेली कडक फोड थोड्या वेळानं लिबलिबीत व्हायची. सर ती बोटांत वाकवून दाखवायचे. "बाहेर खारट दाट झालं, की आतलं पाणी बाहेर वढलं जातं. पाण्यात बसूनही बिचारी वाळली, बगा." मी खिडकीतून हे चार-पाच वर्षं तरी ऐकलं. पुन्हा सांगतो, मी ते ऐकलं होतं.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता आणि त्यापाठोपाठ पावसानं पाठ फिरवली. त्या वर्षी सरांनी धडा अर्ध्या पेल्यात केला. पोरांचं लक्ष रंगाकडं नव्हतंच, पाण्याकडं होतं. तास संपल्यावर सरांनी तो पेला टाकलाही नाही, तसाच दुसऱ्या तुकडीच्या वर्गात नेला.

घरात तर त्यांचा कायदाच होता. मोठा तांब्या त्यांनी माळ्यावर टाकला आणि एक लहानसा तांब्या काढला. त्यात मोठ्या तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही पाणी मावायचं नाही. "भांडं लहान असलं की तहान बी लहान होती, डॉक्टर." सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय घोट न घेणारा हा माणूस, पूजेलाही ओंजळभरच पाणी घ्यायचा. वहिनी हसत म्हणायच्या, "देवाला बी रेशन लावलंय ह्यांनी."

त्यांना एकच मुलगी. लग्नानंतर लई वर्षांनी झालेली, पाचेक वर्षांची. सर तिला खांद्यावर घेऊन शाळेत यायचे.

विहिरीचा तळ लागला आणि गावात जुलाब सुरू झाले. मी घरोघर मीठ-साखरेच्या पुड्या वाटत फिरलो. पुडी एक लिटर पाण्याची. पण लिटर म्हटलं की बाया तोंडाकडं बघायच्या, आणि घरोघरचा तांब्या साधारण लिटरचाच, म्हणून आम्ही सगळे सोपं करून सांगायचो, "एक पुडी, एक तांब्या." दिवसातून शंभरदा म्हटलं असेल. जीभ आपोआप चालायची.

सर तेव्हा टँकरचा अर्ज घेऊन लातूरला गेले होते. "तिथं बसल्याशिवाय काम व्हायचं न्हाई," म्हणाले. दुसऱ्याच दिवशी वहिनी धावत आल्या. मुलीला जुलाब लागले होते. मी सहा पुड्या दिल्या आणि तेच पाठ वाक्य म्हटलं.

संध्याकाळी मी त्यांच्या दारावरून गेलो. मुलगी किरकिर करत होती, ओठ सुकलेले. "साधं पाणी दे, आई," म्हणत होती.

"सारखं पाणी मागते, भाऊ. हेच पाजू का?"

"हेच पाजा वहिनी, हेच औषध हाय," मी उंबऱ्यातूनच म्हणालो. मला अजून दहा घरं करायची होती. उशाशी कोणता तांब्या आहे, हे मी वाकून पाहिलं नाही. बस, एवढंच. आयुष्यभर पुरलं मला.

त्यानंतरच्या दुपारी सर बसमधून उतरले. हातात टँकर मंजूर झाल्याचा कागद होता. तो हलवतच ते घराकडं निघाले, मी सोबत. आत मुलीला झटके येत होते. वहिनी जीपवाल्याला बोलवायला बाहेर पळाल्या. सरांनी मुलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरली, सोडली. मग उशाशी ठेवलेल्या लहान तांब्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "खारट, दाट," ते पुटपुटले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

ते उठले, तांब्यातलं सगळं पाणी परसात ओतलं, वर राख टाकली आणि तांब्या घासून पालथा घातला. त्या दुष्काळात, पाणी ओतलं त्यांनी. मागं वळून म्हणाले, "हिच्या आईला कळू द्यायचं न्हाई. एक-एक घोट जपून पाजलाय तिनं. कळलं तर ती जगायची न्हाई."

"सर, मीच तांब्या म्हणालो होतो..."

"तांब्या लहान कुणी केला?" ते म्हणाले. तेवढ्यात दारात जीप लागली.

उदगीर गाठायच्या आधीच, रस्त्यात, जीपमध्ये, सरांच्या मांडीवर ती गेली.

टँकर दुसऱ्या दिवशी आला. घागरींची झोंबाझोंबी झाली. लोकांनी सरांच्या घरासाठी वाट करून दिली, "सर, तुम्ही आणला, आधी तुम्ही भरा." सर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान हलवली, "भरा, भरा तुम्ही."

त्यानंतर सरांनी तो धडा शिकवला नाही. मुलांना म्हणायचे, "पुस्तकात दिलंय, वाचा." खिडकीतून हात यायचा बंद झाला. शाळेत कुणी विचारलं, मुलीला काय झालं होतं, तर ते उत्तर द्यायचे, "माझ्याच यायला उशीर झाला." बायकोसमोरही हेच. लोक म्हणायचे, मास्तर स्वतःला उगाच दोष लावून राहिले. मी मान डोलवायचो. काय करणार?

पुढं किनवटकडच्या एका आश्रमशाळेत ते बदली मागून गेले. तिथं जंगल, तिथं पाणी. मला एकदाच पत्र आलं. इकडच्या पावसाची चौकशी होती, बाकी काही नाही. निवृत्तीनंतर दोघं उदगीरला आले आणि तिथंच सर गेले. मला कळलं तेव्हा तेरावा होऊन गेला होता.

मी वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी आधी माझ्या प्रवासाची विचारपूस केली. मग म्हणाल्या, "भाऊ, एक गोष्ट छातीवर हाय. कुणाला तरी सांगावी म्हणते."

"बोला ना वहिनी."

"तुम्ही दिलेल्यातली एक पुडी उरली होती. पोरगी गेल्यावर चौथ्या दिवशी मी ती वाचली. लिटर लिहिलेलं होतं त्यावर." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "माझ्याच हातानं गेली ती. पण तांब्या ह्यांनी लहान केला होता ना. ह्यांना कळलं असतं तर हे एक दिवस जगले नसते. म्हणून मी जन्मभर तोंड शिवून बसले. ह्यांना कधी कळू दिलं न्हाई. बरं केलं का मी, भाऊ?"

एकाच छपराखाली, एकाच ताटाशी, दोघांनी एवढी वर्षं तेच दुःख एकमेकांपासून लपवलं होतं. एका शब्दानं दोघं मिळून रडली तरी असती. तो शब्द माझ्याजवळ होता. सर असताना मी तो नेऊन दिला नाही, कारण त्यात माझंही नाव होतं.

"बरं केलं वहिनी," मी म्हणालो. "सरांना काहीच माहीत नव्हतं."

त्यांनी डोळे पुसले आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या. तांब्या कुणी म्हटलं होतं, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.